पहाटेपुरते सायकलींचे शहर

मुंबई सायकलवरून दाखवणाऱ्या सहली भल्या पहाटे निघतात. सहाच्या सुमारास कुलाब्यात पाहुणे जमतात, हेल्मेट चढवतात, ब्रेक दाबून पाहतात आणि मार्गदर्शकाच्या मागे एका रांगेत निघतात. मासळीबाजार, वृत्तपत्रांचे गठ्ठे, क्रॉफर्ड मार्केट, भुलेश्वरचा फुलबाजार, गिरगाव चौपाटी आणि मरिन ड्राइव्ह हे सारे उन्हे चढण्यापूर्वी पाहून होते. जाग्या होणाऱ्या शहराचे दर्शन घडावे म्हणून ही वेळ निवडली जाते, हे खोटे नाही. खरे कारण मात्र त्याहून साधे आहे. सकाळी नऊनंतर आठ-दहा अनोळखी माणसांना सायकलींवर बसवून महंमद अली मार्गावरून किंवा काळबादेवीतून नेण्याची जोखीम कोणताही शहाणा मार्गदर्शक पत्करणार नाही. या सहलींचे वेळापत्रक शहराच्या वाहतुकीने ठरवून दिलेले आहे आणि म्हणूनच ते पर्यटनापेक्षा नगरनियोजनाच्या अभ्यासकांनी वाचावे असे आहे.

सायकलवरून महानगर दाखवण्याची कल्पना आशियात नवी नाही. बँकॉकमध्ये को व्हॅन केसेल या डच गृहस्थाने १९८०च्या दशकात आपल्या पाहुण्यांना चायनाटाउनच्या बोळांतून आणि चाओ फ्राया नदीपलीकडच्या कालव्यांच्या काठाने फिरवायला सुरुवात केली. पुढे त्याचाच व्यवसाय झाला. जुन्या दिल्लीत, म्हणजे शाहजहानाबादेत, अशा सहली २००९ मध्ये सुरू झाल्या आणि तेथेही पुढाकार एका डच पत्रकाराचाच होता. हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. परंतु डच माणूस जन्मतःच सायकलवर बसतो ही समजूत तेवढी बरोबर नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्सचे रस्तेही मोटारींनी बळकावले होते. १९७०च्या दशकात रस्त्यांवर मुलांचे बळी जाऊ लागले तेव्हा पालक रस्त्यावर उतरले, त्याच सुमारास तेलसंकट आले आणि मग सरकारने सायकल मार्ग बांधायला घेतले. आज ज्याला डच संस्कृती म्हटले जाते, तिच्यामागे बरीच आंदोलने आणि अर्थसंकल्पातल्या तरतुदी आहेत. आशियातील महानगरांमध्ये डच उद्योजकांना जे दिसले, ते मात्र वेगळे होते. येथे सायकल होती, सायकलस्वारही होते. त्यांच्यासाठी रस्ता तेवढा नव्हता.

मुंबईत अशा सहली चालवणाऱ्यांमध्ये धारावीच्या पदभ्रमंतीमुळे परिचित झालेली ‘रिॲलिटी टूर्स’ ही संस्था आहे. आणखीही काही छोटे व्यावसायिक आहेत. मार्ग थोडाफार बदलतो, पण आरंभ बहुधा ससून डॉकपासून होतो. अल्बर्ट अब्दुल्ला डेव्हिड ससून यांनी १८७५ मध्ये बांधलेली ही गोदी मुळात कापसासाठी होती. आज तिची ओळख मासळीची आहे. पहाटे तेथे पोहोचलेल्या पाहुण्याला सायकल हातात धरूनच चालावे लागते. जमीन ओली असते, बर्फाच्या लाद्या फोडण्याचा आवाज येत असतो, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका वाटेतल्या कोणासाठीही थांबत नाहीत. कोलंबी सोलणाऱ्या बायका भिंतीकडेला ओळीने बसलेल्या असतात. लिलाव पुकारणाऱ्याचे शब्द मराठी माणसालाही पटकन कळत नाहीत. परदेशी पाहुणा आधी नाक मुरडतो आणि मग पाहतच राहतो. मार्गदर्शक त्याला बोंबील आणि मांदेली यांतला फरक सांगतो. कोळी समाज या बेटांवर सर्वांत आधीचा, हेही सांगतो. त्याच कोळ्यांच्या वसाहतींच्या सीमांकनाचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला, हे सांगण्याइतका वेळ मात्र त्याच्यापाशी नसतो. पुढचा बाजार सात वाजता गाठायचा असतो.

फोर्टमध्ये, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात, पदपथावर वृत्तपत्रे पसरलेली असतात. मराठी, इंग्रजी, गुजराती, हिंदी, उर्दू, झालेच तर तमिळ आणि मल्याळमही. पुरवण्या मुख्य अंकात घालण्याचे काम हातांनी चाललेले असते आणि त्या हातांचा वेग पाहून छायाचित्र काढणारे हटकून मागे पडतात. गठ्ठे दोरीने आवळून सायकलच्या कॅरिअरवर, हँडलवर, मधल्या दांडीवर चढतात. तेथून १८६९ मध्ये पुरी झालेली क्रॉफर्ड मार्केटची इमारत जवळ आहे. तिचे नाव आता महात्मा जोतिबा फुले मंडई असले, तरी टॅक्सीवाल्याला जुनेच नाव सांगावे लागते. मंडईच्या दर्शनी भागावरची शिल्पे लॉकवुड किपलिंग यांनी घडवलेली, आणि इमारतीचे आराखडे विल्यम इमर्सन यांचे. मोटारीतून जाणाऱ्याला ही शिल्पे दिसत नाहीत, कारण सिग्नल सुटलेला असतो. पायी जाणाऱ्यालाही क्वचितच दिसतात. त्याचे लक्ष पायाखाली असते. सायकलस्वार मान वर करू शकतो. अर्थात पहाटे.

पायधुणीच्या बाजूने आत शिरले की मुंबादेवी, भुलेश्वर आणि पांजरापोळ ही मुंबई लागते. १८३२ मध्ये मोकाट कुत्री मारण्याच्या इंग्रजी हुकुमावरून शहरात, विशेषतः पारशी समाजात, मोठा दंगा झाला. त्यानंतर दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी जनावरांसाठी हे आश्रयस्थान उभारले. आजही त्या भर बाजारपेठेत गायी उभ्या असतात. भुलेश्वरच्या बोळांत झेंडूच्या राशी, विड्याची पाने आणि पूजासाहित्य यांमधून जाताना दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला मागे घ्यावे लागते. मोटार येथे येऊच शकत नाही, आणि म्हणूनच शहराच्या या भागातला व्यवहार आजही हातगाडी, डोके आणि सायकल यांवर चालतो. एखाद्या जुन्या व्यापारी पेढीच्या दारात उभ्या केलेल्या सायकलीचे कुलूप गंजलेले असते आणि तिची घंटी मात्र लख्ख असते. येथे घंटीशिवाय चालत नाही.

सहलीचा खरा विषय इथे कळत-नकळत बदलतो. पाहुणे इमारती पाहायला आलेले असतात आणि तीन तासांत त्यांना सर्वांत अधिक काय दिसते, तर सायकली. ताडपत्रीच्या पिशवीत गरम लादीपाव भरून निघालेला पाववाला. मागे ॲल्युमिनियमचे पातेले आणि हँडलला भोंगा लावून धारावीतून निघालेला इडलीवाला. त्याचा ‘पों पों’ आवाज हे मुंबईतल्या कित्येक सोसायट्यांचे सकाळचे घड्याळ आहे. दुधाच्या पिशव्यांचे क्रेट बांधलेला पोऱ्या. इस्त्रीच्या कपड्यांचे गाठोडे नेणारा धोबी. कॅरिअरवर दगडी चाक बसवून, सायकल स्टँडवर चढवून, पायडल मारत सुऱ्यांना धार लावणारा. रात्रपाळी संपवून खोलीवर परतणारा रखवालदार. जरा उशिरा, साडेआठ-नऊच्या सुमारास, डबेवाले निघतात. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या व्यवसायावर व्यवस्थापन शास्त्राच्या वर्गांत व्याख्याने झाली, ब्रिटनचे तत्कालीन युवराज २००३ मध्ये चर्चगेटला येऊन त्यांना भेटून गेले. पण घरातून डबा उचलणे आणि स्थानकापर्यंत नेणे, नंतर स्थानकापासून कचेरीपर्यंत पोहोचवणे, ही दोन्ही टोके सायकलवर उभी आहेत, याकडे त्या व्याख्यानांत फारसे लक्ष गेले नाही. कोविडपूर्व काळात सुमारे पाच हजार असलेल्या डबेवाल्यांची संख्या नंतर बरीच रोडावली. जे उरले, त्यांच्या सायकली आजही स्थानकाबाहेरच्या कठड्यांना साखळीने बांधलेल्या असतात. जेथे बांधू दिल्या जातात तेथे.

या सायकली एका विशिष्ट जातीच्या आहेत. काळ्या, जड, दांड्याच्या, दुहेरी स्टँडच्या, मागे रुंद कॅरिअर असलेल्या. त्यांना गिअर नाहीत आणि त्यांचे सुटे भाग कोणत्याही नाक्यावर मिळतात. ‘ॲटलास’चे नाव त्यांपैकी अनेकींवर अजून वाचता येते, त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. दुसरी जात रविवारी दिसते. हलकी, गिअरची, हजारो आणि प्रसंगी लाखो रुपयांची. तिच्यावर बसणारा अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून पहाटे वरळीहून निघतो, नाश्त्याला घरी पोहोचतो आणि सोमवारी कचेरीत मोटारीने जातो. त्याच्या छंदाला नावे ठेवण्याचे कारण नाही. सहलीतला परदेशी पाहुणा आणि हा रविवारचा सायकलपटू यांच्यात मात्र एक साम्य आहे: दोघेही आवडीने सायकल चालवतात आणि दोघेही वाहतूक सुरू होण्यापूर्वी घरी परततात. मुंबईच्या कारभाराला सायकल म्हटली की याच दोघांची आठवण येते. पाववाल्याची येत नाही.

गेल्या दीड-दोन दशकांतील योजना एकापुढे एक ठेवल्या की हे स्पष्ट होते. केंद्राच्या २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्त्यांचे नियोजन वाहनांसाठी नव्हे, तर माणसांसाठी करावे असे सांगितले. सायकल आणि पायी चालणे यांना त्यात प्राधान्य होते. मुंबईत त्याचा पहिला ठळक आविष्कार वांद्रे-कुर्ला संकुलात झाला. २०११च्या सुमारास तेथे रंगवलेली सायकल मार्गिका आखली गेली. वाहनतळ म्हणून तिचा उत्तम उपयोग झाला आणि यथावकाश ती मोडीत निघाली. ती वापरली जात नाही असे कारण सांगितले गेले, पण ज्या मार्गिकेवर मोटारी उभ्या आहेत ती वापरायची कशी, हा प्रश्न कोणी विचारला नाही. शिवाय ती संकुलाच्या आत सुरू होऊन आतच संपत होती. कुर्ला किंवा वांद्रे स्थानकावर उतरणाऱ्या हजारो नोकरदारांना तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी आधी रिक्षाच्या रांगेत उभे राहावे लागे.

मग रविवार आले. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने नरिमन पॉइंट ते वरळी या पट्ट्यात दर रविवारी सकाळपुरती सायकल मार्गिका सुरू केली. मार्च २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी काही रस्ते रविवारी सकाळी मोटारींसाठी बंद ठेवण्याचा उपक्रम काढला; मुले स्केटिंग करू लागली, आजी-आजोबा रस्त्याच्या मधोमध फिरू लागले, वर्तमानपत्रांना छान छायाचित्रे मिळाली. पुढे उत्साह ओसरला. दरम्यान २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, केंद्राच्या गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने शहरांना सायकलस्नेही होण्यासाठी स्पर्धेत उतरवले होते. त्या वेळी लोकल बंद होती आणि पालघर, कल्याण, नवी मुंबईहून कामगार खरोखरच सायकलने मुंबईत येत होते. रस्ते रिकामे होते. धोरण होते, निकड होती, मागणीही होती. यापेक्षा अनुकूल क्षण मिळणे कठीण. लोकल सुरू झाली आणि तो क्षण गेला.

रविवारच्या उपक्रमांना नुसते हसण्यावारी नेणेही योग्य नाही. कोलंबियाच्या बोगोटा शहरात १९७०च्या दशकापासून दर रविवारी शंभराहून अधिक किलोमीटरचे रस्ते मोटारींना बंद होतात. तेथे ही सवय लागली आणि १९९०च्या दशकाअखेरीस कायमस्वरूपी सायकल मार्गांचे जाळे विणले गेले, तेव्हा त्याला पाठबळ देणारा मतदार तयार होता. मुंबईत रविवारपासून सोमवारपर्यंतचा प्रवास झालाच नाही. त्याचे एक कारण राजकीय आहे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची साडेतीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. आपल्या प्रभागातल्या रस्त्याच्या कडेला काय असावे, हे विचारायला नगरसेवकच नव्हता. याच काळात शेकडो किलोमीटर रस्ते सिमेंट काँक्रीटचे करण्याचा कार्यक्रम हाती घेतला गेला. चर्चा खड्डे, ठेकेदार आणि मुदती यांभोवती फिरली. सबंध रस्ता खणून नव्याने घडवला जात असताना त्याची विभागणी नव्याने करण्याची संधी पिढीत एकदा येते, हा मुद्दा त्या चर्चेत दबून गेला.

तानसा जलवाहिनीची कथा याहून गंभीर आहे. तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईला येते. शहरातून जाणाऱ्या या मोठ्या वाहिन्यांच्या कडेने वर्षानुवर्षे झोपड्या उभ्या राहिल्या. वाहिन्यांच्या सुरक्षिततेसाठी दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करण्याचे आदेश उच्च न्यायालयाने दिले आणि हजारो कुटुंबे हलवली गेली. मोकळ्या झालेल्या जागेवर पुन्हा अतिक्रमण होऊ नये, म्हणून तेथे मुलुंडपासून शीवपर्यंत ३९ कि.मी.चा सायकल आणि धावण्याचा मार्ग करण्याची योजना २०१७ मध्ये जाहीर झाली. जलवाहिनीचे रक्षण हा हेतू योग्यच होता. न्यायालयाचा आदेशही सायकलसाठी नव्हता. पण हलवलेल्या कुटुंबांपैकी अनेकांना जेथे पाठवले, ते माहुल होते. तेलशुद्धीकरण कारखान्यांना लागून असलेली ही वसाहत. तेथील हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच नोंदवले होते. विद्याविहारच्या पदपथावर या लोकांनी महिनोन्‌महिने ठिय्या दिला. अखेर सप्टेंबर २०१९ मध्ये, माहुलला जाण्याची सक्ती करू नये आणि पर्यायी घर देता येत नसेल तर दरमहा १५ हजार रुपये भाडे द्यावे, असे उच्च न्यायालयाने सांगितले.

या साऱ्या प्रकरणातली विसंगती बारकाईने पाहण्याजोगी आहे. जलवाहिनीकाठच्या वस्तीतला माणूस घाटकोपर, कुर्ला, विद्याविहार या टापूत सायकलने किंवा पायी कामावर जात असे. माहुलला गेल्यावर कामाची जागा लांब गेली, बसभाडे सुरू झाले, बायकांची धुण्याभांड्यांची कामे सुटली. त्याच्या मूळ जागी आखलेला सायकल मार्ग बागेसारखा आहे: झाडे, बाके, प्रवेशद्वारे. स्थानक, बाजार किंवा औद्योगिक वसाहत यांना जोडण्याचा विचार त्यात दुय्यम आहे. ज्याला रोज सायकल लागत होती तो तेथून गेला, आणि उरलेल्यांना फेरफटका मारायची सोय झाली. तीही तुकड्यातुकड्याने.

समुद्रावरच्या रस्त्यांची गोष्ट थोडक्यात सांगता येते. ३० जून २००९ रोजी वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला. त्यावर सायकलला बंदी आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला; त्यावरही बंदी. मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या आणि बारा हजार कोटींहून अधिक खर्चाच्या मुंबई किनारी रस्त्यावरही सायकलला जागा नाही. वेगवान मार्गावर सायकल नको, हे सुरक्षेच्या दृष्टीने समजण्यासारखे आहे. किनारी रस्त्याच्या आराखड्यात समुद्राकडेला विहारपथ आणि सायकल मार्गिका यांची आश्वासनेही होती. पण तीही पुन्हा विहाराचीच. दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या किनाऱ्याला भराव घालून जी नवी जमीन मिळवली, तिच्यावर वरळीच्या कोळीवाड्यातून नरिमन पॉइंटला सायकलने कामाला जाणारा माणूस कोणी कल्पिलेला नव्हता.

सायकलस्वाराच्या मृत्यूलाही हाच भेद लागू पडतो. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे नवी मुंबईत पाम बीच मार्गावर भरधाव टॅक्सीच्या धडकेने अवतार सैनी यांचा मृत्यू झाला. इंटेलच्या भारतातील कारभाराचे ते माजी प्रमुख होते. पेंटियम प्रक्रियकाच्या घडणीत त्यांचा वाटा होता आणि सायकल हा त्यांचा जुना छंद होता. देशभर ही बातमी झाली, सायकलपटू संघटनांनी सुरक्षित मार्गांची मागणी केली, आणि ते रास्तच होते. त्याच वेळेस, त्याच रस्त्यांवर दूध आणि वृत्तपत्रे टाकणारी मुले रोज असतात. त्यांच्यापैकी कोणी गेला तर चार ओळी येतात. पुष्कळदा त्याही नाही. ‘पहाटे रस्ता मोकळा असतो’ हे सहलीच्या मार्गदर्शकासाठी वरदान असले, तरी मोकळ्या रस्त्यावर मोटारीचा वेगही मोकाट सुटतो.

मुंबई सायकलची नव्हेच, असा एक प्रतिवाद नेहमी ऐकू येतो. अंतरे मोठी, उकाडा, चार महिने पाऊस, घामेजलेल्या अंगाने कचेरीत कसे जायचे वगैरे. त्यातील अंतराचा मुद्दा खरा आहे. विरारहून चर्चगेटला कोणी सायकलने जाणार नाही, आणि जावे असे कोणी म्हणतही नाही. ते काम लोकलचे. सायकलचे काम आहे घर ते स्थानक आणि स्थानक ते कचेरी या दोन-तीन किलोमीटरांचे, ज्यासाठी आज शेअर रिक्षाच्या रांगेत वीस मिनिटे जातात. पावसाचा मुद्दा मात्र फार ताणला जातो. जुलैमधल्या मुसळधार पावसातही पाव दारात येतो. पिशवीवर प्लॅस्टिक टाकलेले असते एवढेच. एप्रिल २०२२ मध्ये सुरू झालेल्या अंधेरी-दहिसर पट्ट्यातील मेट्रोच्या डब्यांत सायकल ठेवण्याची सोय करण्यात आली, ही स्वागतार्ह गोष्ट होती. पण स्थानकाच्या जिन्यापर्यंत सायकल न्यायची कोणत्या रस्त्याने, हे त्या डब्याला ठाऊक नसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सायकल स्वस्त झाली तरी ती उभी करायला जागा लागतेच.

आता सहलींकडे पुन्हा वळायला हवे, कारण त्यांच्यावरही एक आक्षेप घेतला जातो. श्रमणाऱ्या माणसांना देखाव्याप्रमाणे पाहायचे, त्यांच्या पहाटेवर तिकीट लावायचे, हे अशोभनीय आहे असे पुष्कळांना वाटते. धारावीच्या सहलींबाबत, विशेषतः २००८ मध्ये ‘स्लमडॉग मिलियनेर’ आल्यानंतर, ही चर्चा बरीच तापली होती. तेथे छायाचित्रे काढू न देण्याचा नियम आणि नफ्याचा मोठा वाटा वस्तीतल्या शिक्षणावर खर्च करण्याची पद्धत यांतून ‘रिॲलिटी टूर्स’ने आपले उत्तर दिले. आक्षेपात तथ्य नाही असे नव्हे. परंतु काचा चढवलेल्या वातानुकूलित बसमधून तेच रस्ते पाहणे अधिक सभ्य कसे, हे सांगणे अवघड आहे. सायकलवरचा पाहुणा निदान वाटेत येतो, शिव्या खातो, बाजूला होतो, हातगाडीला जागा देतो. शिवाय या सहलींचे मार्गदर्शक बहुधा याच शहरातल्या साध्या घरांतली मुले असतात. भुलेश्वरची वाट त्यांना नकाशावाचून ठाऊक असते आणि इंग्रजी त्यांनी पाहुण्यांशी बोलून बोलून घोटवलेले असते. खटकण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. या सहलींत मुंबईकर फारसे दिसत नाहीत. दादर-पार्ल्यातला मराठी वाचक बँकॉकला जाऊन आनंदाने सायकल सहल करतो, त्याची छायाचित्रे दाखवतो, आणि पांजरापोळ कोठे आहे हे त्याला माहीत नसते.

जी मुंबई या सहली दाखवतात, तीही झपाट्याने बदलते आहे. भेंडीबाजारात साडेसोळा एकरांवर समूह पुनर्विकास सुरू आहे. जुन्या चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. नवे रस्ते जुन्या बोळांपेक्षा रुंद असतील, त्यामुळे मोटारी आत येतील. भुलेश्वरमध्ये ज्या अरुंदपणाने सायकलला आजवर वाचवले, तो जाणार. पाववाल्याच्या मागेही नवे प्रश्न लागले आहेत. लाकूड आणि कोळसा यांवरच्या बेकऱ्यांनी स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा आदेश उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला आणि सहा महिन्यांची मुदत ठरली. हवा सुधारण्यासाठी तो आवश्यकच होता. भट्टी बदलण्याचा खर्च लहान बेकऱ्यांना झेपला नाही, तर पाव मोठ्या कारखान्यातून टेम्पोने येऊ लागेल. धूर न सोडणारी सायकल बाद होऊन डिझेलचा टेम्पो आला, तर हवेचा हिशेब काय राहील, हेही कोणीतरी मांडायला हवे.

एक संधी मात्र समोर आहे आणि ती नेमकी या सहलींच्याच वाटेवर आहे. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्णपणे सुरू झाली. कफ परेड, विधान भवन, चर्चगेट, हुतात्मा चौक, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, काळबादेवी, गिरगाव अशी तिची स्थानके आहेत. या ठिकाणचे रस्ते कित्येक वर्षे पत्र्याच्या कुंपणांनी अर्धे झालेले होते आणि शहराने त्या अर्ध्या रस्त्यांवर दिवस काढले. काम संपले की पत्रे निघतात आणि कडेची दोन-अडीच मीटर जागा मोकळी होते. हुतात्मा चौकाच्या आसपास अशी जागा मोकळी झाल्यावर तेथे सर्वांत आधी काय येते, हे मुंबईकराला सांगावे लागत नाही. पण हुतात्मा चौकापासून बॅलार्ड इस्टेट, काळबादेवीपासून झवेरी बाजार, गिरगावपासून चौपाटी ही सगळी अंतरे सायकलने पाच-सात मिनिटांची आहेत. तेथे मार्गिका आखायला भराव लागत नाही, सेतू लागत नाही, कोणाचे घर हलवावे लागत नाही. रस्त्याची कड, स्थानकाच्या तोंडाशी शे-दोनशे सायकलींची साखळी लावता येईल असे लोखंडी कठडे आणि मोटार उभी केल्यास दंड, एवढेच लागते. या कडांचे काय करायचे याचे निर्णय प्रत्येक प्रभाग कार्यालयात एकेका रस्त्यापुरते होत जाणार आहेत. वाहनतळाच्या पावत्या फाडणारा ठेकेदार तेथे आधीच येऊन उभा असेल.